काहून मॅडम

मला मोजायला शिकवलं ते काहून मॅडमनी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझंच पुराण सुरू झालं तरी ते कुणामुळे, हे विसरायला नको. त्यांचं खरं नाव हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं. कारखान्यात त्यांना सगळे काहून मॅडमच म्हणत, आणि तोंडावर म्हणत. एकदा नव्या वॉचमननं त्यांना आडनावानं हाक मारली, तर त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तुम्ही मे महिन्यात नागपूरला आला असाल तर दुपारचा रस्ता तुम्हाला माहीत असेल. माणसं डोक्याला, कानाला दुपट्टा गुंडाळून नुसते डोळे उघडे ठेवून चालतात. अशा दुपारी कन्हानच्या वाटेवरच्या आमच्या कारखान्याच्या गेटाशी, कडुलिंबाखाली, जांभळ्या लोकरीचा स्वेटर घातलेली पन्नाशीची एक बाई शांतपणे डबा खात बसलेली दिसे. ट्रकवाले मान वळवून बघत. एकानं तर उतरून विचारलंही, "बाई, तब्येत ठीक आहे ना?"

"ठीक आहे. काहून?"

इकडे 'का' असं कुणी विचारत नाही, 'काहून' विचारतात. पण बाकीचे लोक तो शब्द गरज पडली तर वापरतात. मॅडम श्वास घ्यावा तसा वापरत. निखिल म्हणून आमच्यात एक डिप्लोमा झालेला मुलगा होता. तो म्हणायचा, "मॅडमले गुड मॉर्निंग म्हटलं तरी विचारतीन, काहून?" एकदा त्यानं मुद्दाम म्हणून पाहिलं. मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गुड काहून गा? रात्रभर एसी बंद होता. जाऊन पाय खोलीत." 'पाय' म्हणजे इकडे 'बघ'.

ती खोली म्हणजे मोजणीची खोली. तिथे बारा महिने वीस अंश ठेवायचे, बाहेर पंचेचाळीस असोत की डिसेंबरातली थंडी असो. म्हणून स्वेटर. जेवणाच्या सुट्टीत तरी काढा, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "काढला का मंग घाला लागते."

खोलीच्या मधोमध सीएमएम नावाचं मोजायचं मशीन. काळ्या दगडाचा मोठा गुळगुळीत टेबल, त्यावरून पुढेमागे सरकणारी कमान, आणि कमानीतून खाली उतरलेली एक बारीक सळई. सळईच्या टोकाला माणकाचा मणी, मोहरीएवढा. तो जॉबला, म्हणजे ज्या वस्तूचं माप घ्यायचं तिला, टेकला की 'टुक्' असा आवाज होतो आणि तो बिंदू नेमका कुठे आहे ते संगणकावर उमटतं. माणसाच्या एका केसाच्या जाडीचे साठ-सत्तर भाग करा. त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. तेवढा फरक ते मशीन सांगतं. हे कारखान्यात नवीनच आलं होतं, आणि ते चालवायला माणसं तयार करून द्यावीत म्हणून मॅडमना काही महिन्यांसाठी बोलावलं होतं. त्यांचं कामच ते. जिथे असं मशीन जाईल तिथे त्या जात, माणसं शिकवत, आणि पुढच्या गावाला निघत.

मी गुहागरकडची. शाळा आठवीत सुटली. आई अंथरुणाला लागली, पाठची दोन भावंडं, मी थोरली. त्यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही. माझा नवरा आमच्याकडच्या एका बागायतदाराचा हापूस उतरवून घ्यायला कळमन्याच्या बाजारात येतो. यंदा मलाही बरोबर घेऊन आला. सक्करदऱ्याला एक खोली मिळाली. आंब्याचा मोसम संपला की पावसाआधी परत जायचं, असं ठरलेलं. तोवर घरी बसून काय करायचं म्हणून मी कारखान्यात जॉब धुवायच्या विभागात लागले. मी तशी घाबरट. साहेब दिसले तरी माझ्या तळहातांना घाम फुटे. बस चुकेल, कुणी इंग्रजीत विचारील, पाणी बाधेल, सगळ्याचीच भीती. संध्याकाळी खोलीवर आले की समुद्राचा आवाज नाही हेच कानांना खुपत राही.

अशात एक दिवस काहून मॅडम स्वेटरसकट आमच्या विभागात आल्या. हातात ॲल्युमिनियमची एक रिंग, छोट्या ताटलीएवढी.

"हे कोणं धुतली वं?"

मी हात वर केला. आता काय चुकलं?

"या भोकाच्या आतली खाच पुसली तू. बाकीच्यांनी नाई पुसली. काहून?"

मला वाटलं, पुसायची नव्हती की काय. मी कशीबशी म्हणाले, "पुढे कुणीतरी त्यात काही बसवणार असेल ना. कचरा राहिला तर ते नीट बसणार नाही."

"तुले कोणं सांगतलं असं?"

"कुणी नाही. वाटलं."

त्या 'हाव', म्हणजे 'हो', म्हणाल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मला मोजणीच्या खोलीत बोलावणं आलं. साहेब तिथेच होते. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा हिशोब सरळ होता. "मॅडम, ही आठवी आहे. निदान आयटीआय तरी हवं."

"मशीनले कुठं माहीत आहे?" मॅडम म्हणाल्या. "तुमचे शिकलेले पोरं सहा महिने राहतात अन् पुण्याले पळतात. मी जाईपर्यंत हिले माह्याजवळ ठेवा. परीक्षेत नाई बसली तर पाठवा वापस."

असं ठरलं. ऑपरेटर म्हणून पक्की झाले तर बारमाही काम, नवराही म्हणाला, "तुजा जमला तर र्‍हवया गो हयच. मी संत्र्याचा काम बघीन." नाही जमलं तर आंब्यांबरोबर परत. गाव मला हवंच होतं. पण शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला समोर बसवून काही शिकवणार होतं, आणि ते मला गावापेक्षाही हवं होतं. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

पहिले काही दिवस मॅडमनी मला मशीनवर काहीच मोजू दिलं नाही. जॉयस्टिक हातात दिली आणि म्हणाल्या, "हवेत चालव." मी हवेत चालवत राहिले. कमान डावीकडे, उजवीकडे, सळई वर, खाली. मणी कुठल्याही वस्तूजवळ गेला की माझा अंगठा गोठून जायचा. धडकला तर? माणिक फुटलं तर? एक दिवस मी जॉबपासून बोटभर अंतरावर अशीच थिजून उभी होते. मॅडम उठल्या, माझा हात धरला आणि माझं बोट हळूच त्या सळईला लावलं. 'टुक्.' मी दचकले.

"पायलं? अशी बोलते ते. हळू शिवलं का नुसती टुक् म्हणते, चावत नाई. आधी ओळख तर करून घे."

मग मी वेड्यासारखी दहा-बारा वेळा तिला बोटानं शिवून पाहिलं. किती कमी जोरात लावलं तरी तिला कळतं, याचंच नवल वाटत राहिलं. मॅडम कुठेही न अडवता बघत होत्या. पाठीमागून निखिल म्हणाला, "कोकणवाल्या ताई, तिले गुदगुल्या होतीन." त्या दिवसानंतर माझा अंगठा गोठला नाही.

मॅडम मला नावानं हाक मारत नसत. "काय वं कोकण," असंच म्हणत. एकदा म्हणाल्या, "कोकण, डोळे मिट." मी मिटले. त्यांनी माझ्या हाताखाली काहीतरी ठेवलं. "फक्त तीन जागी बोट लाव अन् सांग, काय आहे."

"गोल आहे. वाटी."

"पक्कं?"

"पक्कं."

"आता चौथ्या जागी लाव."

चौथ्या जागी बोट आत गेलं. डोळे उघडले तर त्यांच्या डब्यातली वाटी, एका बाजूनं चेपलेली. पोराच्या हातून पडली असावी तशी. मॅडम डोळे मिचकावत म्हणाल्या, "तीन जागी शिवलं का दुनियेतली कोणतीही गोष्ट गोल वाटते. वर्तुळ काढाले तीन पुरतात. पण ते खरं आहे का, हे चौथा सांगते. म्हणून आपण आठ घेतो." गणिताच्या तासाला वर्तुळ मी पाठ केलं होतं. ते खोटं बोलू शकतं, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी घरी जाऊन मी खोलीतली सगळी भांडी बोटांनी तपासली. आमच्याकडे एकही गोष्ट खरी गोल नाही. नवरा बघत होता. म्हणाला, "काय गो, मांजरासारखी काय चाचपतेस?"

दुसरी त्यांची एक पद्धत होती. शॉपमध्ये, म्हणजे जिथे जॉब कापून घडवतात तिथे, मशीनवरून उतरून आलेला जॉब कितीही घाईचा असो, तो त्या आधी रॅकवर ठेवायला लावत, काही तास. "पाहुण्याले बसू द्या," म्हणायच्या. "उन्हातून आला आहे बिचारा. आल्या आल्या काय मोजता त्याले?" कारण धातू तापला की फुगतो, निवला की आक्रसतो. नागपूरच्या उन्हाळ्यात शॉपमधून थेट आलेली रिंग आणि आमच्या खोलीत काही तास बसलेली रिंग, ही मापानं वेगळी असते. आमच्या मशीनला जॉबचं तापमान कळत नव्हतं. समोर येईल ते ते मोजत होतं. ग्राहकाला माप हवं वीस अंशांचं. म्हणून सगळा तो थंडावा. माणसांसाठी नव्हेच.

पण माणसांना ते कोण सांगणार? मे महिन्यात त्या दाराशी जो तो काहीतरी निमित्त काढून येई. कुणाला स्क्रू ड्रायव्हर हवा असे, कुणाला वेळ विचारायची असे. एकजण तर आपली पाण्याची बाटली रॅकवर ठेवून पळाला, गार व्हायला. मॅडम आतून ओरडायच्या, "कोणी मेलं का?"

"नाई मॅडम."

"आग लागली का?"

"नाई."

"मंग दार लाव!"

मला मात्र त्या सारखं विचारत. मी उत्तर बरोबर दिलं तरी विचारत. मास्टर बॉलवर, म्हणजे नेमकं माप ठाऊक असलेल्या गोळीवर, मणी रोज सकाळी तपासायचा, काहून? तपासला, आता सळई बदलली, पुन्हा तपासायचा, काहून? जॉब कसा ठेवलाय ते मशीनला कळावं म्हणून आधी पातळी धरायची, मग रेघ, मग बिंदू, काहून? माहीत नसलं की माझा चेहरा पडे. एकदा मी म्हटलं, "मॅडम, मला शाळेतच काही येत नव्हतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्या तुले विचारलं का, शाळेत काय येत होतं? माहीत नाई तर म्हण, माहीत नाई, पाहतो. अन् पाय." संगणकावरचे इंग्रजी शब्द मला वाचता येत नव्हते असं नाही, पण लागत नव्हते. ते मी चित्रासारखे ओळखायला लागले. हळूहळू लागायलाही लागले.

परीक्षा म्हणजे काय, तेही सांगते. ग्राहकाकडचा माणूस येतो. त्याच त्या रिंगा आम्ही तिघांनी, मी, निखिल आणि दुसऱ्या पाळीतला एक मुलगा, पुन्हा पुन्हा मोजायच्या. कोणती रिंग कितवी हे आपल्याला ठाऊक नसतं. माणूस बदलला तरी माप बदलता कामा नये, एवढंच त्यात बघतात. माप रिंगेचं यायला हवं, माणसाचं नव्हे.

परीक्षा शुक्रवारी होती. शनिवारी मॅडमचं काम संपायचं आणि त्याच रात्रीच्या गाडीनं त्या पुण्याला लेकीकडे जाणार होत्या. लेकीचे दिवस भरत आले होते, पहिलंच बाळंतपण. त्यांनी आठवडाभर आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, शनिवारी मला कोणी अडवायचं नाही.

शुक्रवारी माझ्या रिंगा मोठ्या आल्या.

एखादी नव्हे, सगळ्या. निखिलचे आणि त्या मुलाचे आकडे एकमेकांना चिकटून. माझे प्रत्येक वेळी सहा-सात मायक्रॉननं वर. मी केलं काय? तेच मशीन, तोच प्रोग्राम, तेच बटण. ग्राहकाच्या माणसानं कागद साहेबांपुढे सरकवला. साहेब तो वाचून नरमाईनं म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रयत्न केला. दोघांवर भागवू आपण. हिला जुन्या जागी जाऊ दे."

मी उठायलाही लागले होते.

"बस खाली," मॅडम म्हणाल्या. मग साहेबांना म्हणाल्या, "हिचे आकडे चुकून नाई राहिले. चुकले असते तर इकडं तिकडं पडले असते. हे सगळे एकाच बाजूले सरकून राहिले. सरकते त्याले कारण असते. मले ते माहीत नाई. ते माहीत झाल्याशिवाय मी हे मशीन तुमच्या हवाली करणार नाई. सोमवारी पुन्हा परीक्षा घ्या."

"सोमवारी? तुम्ही तर उद्या..."

"सोमवारी," मॅडम म्हणाल्या, आणि ग्राहकाच्या माणसाकडे बघितलं. तो आपल्या फोनमधल्या तारखा चाळून 'चालेल' म्हणाला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मॅडम, तुमची गाडी?"

"गाड्या रोज जातात. पहिलटकरीण कधी तारखेवर बाळंत होते का? जावई आहे, सासू आहे तिची. तू रडून नोको राहू, खोलीत पाणी पडते."

शनिवारी सकाळी आम्ही शोधायला बसलो. मला तोवर वाटत होतं, मॅडमना उत्तर ठाऊक असतं आणि त्या मला तंगवतात. या वेळी त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि त्याचा त्यांना आनंद झालेला दिसत होता. स्वेटरच्या बाह्या वर सारून त्या म्हणाल्या, "आता मजा आहे."

आधी संशय रिंग टेबलावर धरून ठेवणाऱ्या पट्टीवर. मी रिंग जास्त आवळते का? दोघींनी आवळून पाहिलं, फरक नाही. मग माझ्या बांगड्या, मग मी उभी राहते ती जागा, मग पंख्याची दिशा, मग प्रोग्राम सुरू करण्याआधीचे बिंदू घेताना मी मणी फार हळू टेकवते का. काही नाही. शेवटी त्यांनी निखिलला एक रिंग लावून मोजायला सांगितलं, आणि ती तिथून न हलवता मला पुन्हा मोजायला लावलं. दोघांचे आकडे जवळपास एकच.

मॅडमनी टाळी वाजवली. "म्हणजे मशीनवर तू काहीच चुकून नाई राहिली. जे होते ते रॅकपासून टेबलापर्यंत होते. ते चार पावलं पाहू."

त्या कोपऱ्यात स्टुलावर जाऊन बसल्या. "मी मेली असं समज अन् रोजच्यासारखं कर."

मी रॅकवरून रिंग उचलली. कापड घेतलं. पुसली. खाचेत बोट घालून पुसली. उलटी केली, दोन्ही पंजांत धरून कडेकडेनं फिरवत पुसली. कुठे काही राहू नये म्हणून पुन्हा एकदा, छातीशी धरून. मग उजेडात बघितली, परत पुसली आणि टेबलाकडे वळले.

स्टुलावरून हसू आलं. आधी बारीक, मग मोठ्यानं. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अवं कोकण! पाहुणा बसून बसून गार झाला, अन् तू त्याले कडेवर घेऊन फिरून राहिली!"

मला लगेच कळलं नाही. मग कळलं. निखिल रिंग उचलायचा, फटका मारल्यासारखं एकदा कापड फिरवायचा आणि ठेवायचा. मी तिला हातात धरून बसायची. माझे हात गरम. घाबरल्यावर तर घामानं ओले आणि आणखी गरम. परीक्षेच्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त पुसलं होतं, प्रत्येक रिंग, प्रत्येक वेळी, मनापासून. आणि प्रत्येक रिंग माझ्या हातात थोडीशी फुगली होती.

"खात्री करू," मॅडम म्हणाल्या. नुसत्या ओळखण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. मी पुसलेली रिंग टेबलावर लावली, मोजली. मोठी. मग आम्ही दोघी हात मागे बांधून तिच्याजवळ उभ्या राहिलो आणि थोड्या थोड्या वेळानं तीच मोजत गेलो. आकडा खाली येत होता. एक मायक्रॉन, मग थांबायचा, मग आणखी एक. ताप उतरावा तसा. मी तोंडात बोट घालायची बाकी होते. एवढ्या कठीण धातूला माझा हात कळला होता आणि तो आता विसरत चालला होता. निखिल मागून म्हणाला, "ताई, आमच्या रिंगांचे लाड बंद करा आता."

मॅडम म्हणाल्या, "मशीन रिंग नव्हती मोजून राहिली. तुही काळजी मोजून राहिली होती."

मी विचारलं, "मग आता पुसायचंच नाही का?"

"पुसायचं काहून नाई? पुसून मंगच रॅकवर ठेव, अन् मंग त्याले एकटं बसू दे. उचलताना हातमोजा घाल, कडेले दोन बोटांत धर. काळजी करणं नोको सोडू. जॉबले हात न लावता कर."

हे सांगायला सोपं. माझे हात आपोआप कापडाकडे जायचे. रविवारी सुट्टी असूनही मॅडमनी साहेबांकडून किल्ली मागून घेतली आणि मला बोलावलं. सकाळभर मी रिंगा उचलल्या आणि ठेवल्या, दोन बोटांत, पुसल्याशिवाय. सुरुवातीला वाटलं, आजारी माणसाला न विचारता त्याच्या दारावरून जातेय. दुपारनंतर जमायला लागलं. मॅडमचा फोन दोन-तीनदा वाजला. त्या बाहेर जाऊन बोलून आल्या. मला काही म्हणाल्या नाहीत, आणि मीही रिंगांच्या नादात काही विचारलं नाही.

सोमवारी परीक्षा झाली. मी हातमोजे घातले. पहिली रिंग उचलताना तळहात आतून ओले झाले, पण ते मोज्याच्या आत राहिले. एकेक मोजत गेले. मान वर केली नाही. शेवटी ग्राहकाच्या माणसानं तिन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवले. त्यानं दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "यातली ताई कोणती?" कुणाचा रकाना कुणाचा, हे त्याला ओळखता येईना. साहेब हसले. मला म्हणाले, "एक तारखेपासून तुमचं कार्ड बदलू, ऑपरेटर म्हणून." मी नवऱ्याला फोन लावला आणि मला बोलताच येईना, तो पलीकडून "काय गो झाला? पडलीस की काय?" असंच विचारत राहिला.

तेवढ्यात साहेबांनी मॅडमना विचारलं, "मग लेकीची काय खबर?"

मॅडमनी स्वेटरच्या खिशातून फोन काढला. "पोरगी झाली. काल रात्री." फोटोत कपड्यात गुंडाळलेलं एक लालबुंद तोंड होतं. "वजन सांगतलं, लांबी सांगतली. म्या विचारलं, लांबी कशी मोजली? पाय सरळ केले होते का? तर जावई म्हणते, आई, आता तरी नोको."

सगळे हसले. मला हसू येईना. काल रात्री. म्हणजे शनिवारच्या गाडीनं निघाल्या असत्या तर त्या तिथे असत्या. लेकीचा हात त्यांच्या हातात असता. त्याऐवजी रविवारचा आख्खा दिवस त्या माझ्या रिंगांवर नजर ठेवून होत्या.

संध्याकाळी मी त्यांना गेटापर्यंत सोडायला गेले. रिक्षा उभी होती. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही माझ्यामुळे..."

"तुह्यामुळं नाई. माह्यानं राहवलं नसतं. अर्धवट काहून डोक्यात घेऊन गेली असती तर पोरीजवळ बसून बी तुह्या रिंगाच मोजल्या असत्या." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "एक वेळ होती, ते गेली. ते खोटं आहे असं नाई म्हणत मी. पण तू आता काम कर." आणि रिक्षात बसल्या, अंगात स्वेटर तसाच.

त्यानंतर पावसाळा येऊन गेला, संत्री आली. त्या खोलीत आता मी आणि निखिल. निखिल पुण्याला जायच्या गोष्टी करतो, पण अजून गेलेला नाही. मॅडम छत्तीसगडकडे कुठल्याशा कारखान्यात शिकवत आहेत. नात पुण्याला, त्या तिकडे. महिन्यातून एकदा जाऊन येतात. परवा फोनवर म्हणाल्या, लेकीची रजा संपत आली, बाळाला कुणाजवळ ठेवायचं याचा घोळ चालू आहे.

लेकीजवळ असायची ती रात्र त्यांना परत देता येणार नाही, एवढं मला समजतं. तिच्या बदल्यात काही द्यायला गेले तर त्या घेणारही नाहीत. पण मी थोरली आहे, दोन भावंडं मांडीवर वाढवली आहेत. बाळाला सांभाळायला मला कुणी शिकवावं लागत नाही. माझी रजा साठते आहे, ती मी कशाला वापरत नाही. नवऱ्याला सांगून ठेवलंय. ज्या दिवशी त्यांच्या लेकीला माणूस लागेल, त्या दिवशी मी पुण्याच्या गाडीत बसणार. मॅडमना अजून बोलले नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.